उलटा गड

सिंहगड चढताना पाय भरून आले तर आपण काय करतो? सरळ मागे फिरतो. पुढे सगळा उतारच असतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात मात्र एक उलटा गड आहे. तिथे आधी उतरायचं आणि दमल्यावर चढायचं! त्याचं नाव ग्रँड कॅन्यन.

कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी तब्बल ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल आहे. काठावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा. त्यात चक्क समुद्री शिंपल्यांचे अवशेष सापडतात. म्हणजे या कोरड्या रखरखीत प्रदेशात एके काळी समुद्र होता! अगदी तळाचा काळपट खडक सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांचा, आणि त्याचं नाव आहे 'विष्णू'. दचकलात ना? एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने इथल्या देवळांसारख्या दिसणाऱ्या शिखरांना विष्णू, शिव अशी नावं दिली. त्यातलंच एक नाव पुढे खडकालाही मिळालं.

आता जायचं कधी? दक्षिण काठ वर्षभर उघडा असतो. तो समुद्रसपाटीपासून २१०० मीटर उंच, त्यामुळे हिवाळ्यात तिथे बर्फ पडतं. जून-जुलैत काठावर हवा बरी वाटते, पण तळाशी पारा चाळिशी ओलांडतो. जितकं खाली जावं तितकं ऊन वाढत जातं. आपल्या महाबळेश्वराहून कोकणात उतरल्यासारखंच, पण झाडांची सावली जवळजवळ नाही. म्हणून दिवाळीची सुट्टी सगळ्यांत छान.

'ब्राइट एंजल' नावाची पायवाट काठावरून थेट खाली जाते. उतरताना मजा येते, पाय धावतात, आणि तिथेच फसगत होते. उतरायला एक तास लागला, तर चढायला दोन तास धरायचे. दरवर्षी शेकडो दमल्याभागल्या लोकांच्या मदतीला उद्यानाच्या रक्षकांना धावावं लागतं. त्यात चांगले धट्टेकट्टे तरुणही असतात बरं का! एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा हट्ट करू नका, असं रक्षक बजावून सांगतात.

तेव्हा पहाटे निघा. अडीच किलोमीटरच्या आतच पहिलं विश्रांतिघर लागतं. मुलांसाठी तेवढं पुष्कळ झालं. तिथून वर बघा, साडेतीनशे मीटरची भिंत चढायची असते! नळाला पाणी आहे का, हे निघण्याआधीच विचारून घ्या. नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही. घामावाटे मीठ जातं, म्हणून सोबत खारे शेंगदाणे किंवा चिवडा हवाच. आणि परत फिरायची वेळ काठावरच ठरवून टाका. दादा म्हणेल, "ते पुढचं वळण तेवढं बघू या." ऐकायचं नाही!

चिवड्याची पुडी मात्र सांभाळा. तिथल्या खारी दिसायला गोड, पण खाऊ द्यायला हात पुढे केलात तर कडकडून चावतात. त्यांना खाऊ घातला तर दंडही होतो.