पंधरा आणि सोळा

आमच्या वेळी अकरावीला मॅट्रिक, मग प्री-डिग्रीचं एक वर्ष आणि बी.ए.ची तीन. एकूण पंधरा. पुढे १० + २ + ३ चा आकृतिबंध आला, १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, तरी बेरीज पंधराच राहिली. माझ्या भाच्याला मात्र २०१४ साली कळलं की अमेरिकेत शाळेची बारा आणि कॉलेजची चार मिळून सोळा मोजतात.

भाचा पुण्याचा बी.एस्सी., वर दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा. न्यू जर्सीत सॉफ्टवेअरचं काम. कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला आय-१४० अर्ज फेटाळला गेला. आपली तीन वर्षांची पदवी त्यांच्या पदवीइतकी नाही, असा निकाल तिथे १९७७ सालीच झालेला आहे. पदवी आणि डिप्लोमाची बेरीज चालावी, तर तसं कंपनीने जागेच्या अटींत आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं. ते लिहिलं नव्हतं.

मग अपील. ३० दिवसांची मुदत, निकाल टपालाने आला तर ३३. फॉर्म आय-२९०बी. ज्या कार्यालयाने नकार दिला तेच आधी पुन्हा बघतं, आणि त्यांचं मत बदललं नाही तर कागद वरच्या अपील कार्यालयाकडे जातात. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे अपील भाच्याला करताच येत नव्हतं! अर्ज कंपनीचा, म्हणून अपीलही कंपनीचं. लग्न याचं, आणि मांडवात यालाच जागा नाही.

मी ३४ वर्षं पेपर तपासले. निकालानंतर पालक यायचे, "बाई, त्याला सगळं येतं हो!" येत असेलही, पण मार्क पेपरात लिहिलंय त्याला. तिकडचा अधिकारीही माणूस हुशार आहे का हे विचारत नाही. अटी काय लिहिल्या होत्या आणि ठरलेल्या तारखेला त्या पूर्ण होत होत्या का, एवढंच बघतो. यात मला अन्याय वाटत नाही. पण आमच्या वर्गात ज्याचा पेपर तोच नापास व्हायचा. इथे पेपर लिहिला कंपनीने, नापास झाला भाचा.

अपील जवळजवळ दोन वर्षं चाललं आणि हरलं. अगदीच वाया गेलं असंही नाही. सहा वर्षं संपल्यावरही अपील चालू असेपर्यंत त्याचा एच-१बी व्हिसा वाढवून मिळाला. तेवढ्यात कंपनीने नव्याने, नीट अटी लिहून अर्ज केला आणि तो मंजूर झाला. पण रांगेतली जुनी तारीख अर्ज मंजूर झाला तरच टिकते. २०१२ ची तारीख गेली, मार्च २०१५ ची मिळाली.

तीन वर्षांनी काय होतं, असं मलाही वाटलं होतं. पण ऑक्टोबर २०२० मध्ये रांग एकदम पुढे सरकली, आणि त्याच्या वर्गातल्या भारतीयांना शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरायची मुभा मिळाली. कोणाला? ज्यांची तारीख १ जानेवारी २०१५ च्या आधीची, त्यांना. भाचा जेमतेम अडीच महिन्यांनी बाहेर राहिला. त्याची मुलगी २००८ साली, तीन वर्षांची असताना तिकडे गेली. २०२६ हे तिचं एकविसावं वर्ष. त्यानंतर वडिलांच्या व्हिसावर आश्रित म्हणून राहता येत नाही, तिला स्वतःची सोय बघावी लागणार. मराठी ती माझ्याशी फोनवर बोलते तेवढीच. "आजी, मी पुण्यात कुठे राहीन गं?" असं तिने मागे हसत विचारलं. मला हसता आलं नाही.

असो. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, पुतण्या या वाटेवर असेल तर त्याला एवढं सांगा. कंपनी लेबर सर्टिफिकेशनचे कागद सहीसाठी पुढे करते, तेव्हा शिक्षणाच्या अटींचं पान मागून घे आणि आपल्या मार्कशीटशेजारी ठेवून शब्दन् शब्द वाच. शंका आली तर तेव्हाच विचार, संकोच करू नकोस. पेपर दुसरा लिहिणार असेल, तर निदान प्रश्नपत्रिका तरी आपण वाचलेली बरी.