लाल ताडपत्रीखालचं कलिंगड



मागच्या उन्हाळ्यात दर रविवारी खराडीत एका सोसायटीच्या गेटसमोर कलिंगडाचा टेम्पो लावत होतो. शिरूरहून नगर रोडने सकाळी सातला पोचायचं. पहिल्या रविवारी ऊन चढलं म्हणून शेजारच्या फळवाल्याकडून लाल ताडपत्री मागून घेतली, टेम्पोला बांधली. चार फळं कापून मांडली आणि आतला रंग असा दिसायला लागला की मलाच खरं वाटंना, हा आपल्याच रानातला माल! फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला दिला. अकरापर्यंत टेम्पो रिकामा.

पुढच्या रविवारी एक ताई मोबाईल पुढं धरून आल्या. म्हणाल्या, "दादा, इथं लालभडक आणि घरी फिकट गुलाबी. इंजेक्शन मारता का?" दहा माणसं ऐकत होती. इंजेक्शन कोण मारतंय! पण ताडपत्री तर मीच बांधली होती ना. त्या दिवशी निम्मा माल परत आणला.

घरी आल्यावर डोकं लावलं. लाल ताडपत्रीतून खाली येतो तो बहुतेक लाल उजेडच. गर तो उजेड परत फेकतो म्हणून चमकतो, हिरवी साल तो गिळते म्हणून काळी पडते. काळ्याशेजारी लाल आणखीच पेटतो. कच्चं-पक्कं सगळं एकसारखं दिसतं. आणि खाली उभ्या माणसाचा डोळा थोड्या वेळात त्या उजेडाला सरावतो, त्याला आपण लाल उजेडात उभे आहोत हेच जाणवत नाही. नारंगी जाळीतली संत्री याच चालीने विकली जातात. जाळी काढा आणि मग बघा.

ही गोष्ट जुनी आहे म्हणे. फ्रान्समध्ये शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ गोबलँच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर रंग चोख होता, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळं तो फिका दिसत होता. १८३९ साली त्याने यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

मग मी ताडपत्री बदलली. पांढरी बांधली. खाली काळ्या क्रेटऐवजी केळीची पानं अंथरली. लालाशेजारी हिरवं आलं की दोन्ही उठून दिसतात, आणि घरी नेलेलं फळ तेच राहतं. फोटोही आता सावलीत, पांढऱ्या ताटात काढतो. याला मी फसवणूक म्हणत नाही. माल आहे तसा दिसतोय, फक्त नीट मांडलाय. ताडपत्रीचं तसं नव्हतं.

आणि खरं सांगू का, रंगाच्या मागं लागण्यात आपलंच नुकसान आहे. गराचा लाल रंग लायकोपीनचा, गोडी साखरेची. पिवळ्या गराचं कलिंगडही गोड असतंच की. रिफ्रॅक्टोमीटर लावला तर माझ्या एका फिकट फळाचा ब्रिक्स ११ आला, त्याहून लाल दिसणाऱ्याचा ९. तोडणीला मी आता फळाजवळचा बाळी सुकलाय का आणि जमिनीला टेकलेला डाग पिवळा पडलाय का, एवढंच बघतो. टेम्पोवर रिफ्रॅक्टोमीटर ठेवतो, गिऱ्हाईकासमोर दोन थेंब टाकून आकडा दाखवतो. पोरांना तर त्यातून बघायला लई मजा वाटते.

विक्री मात्र सावकाश होते, हे लपवत नाही. लाल ताडपत्रीला अकराला संपलेला माल पांढरीखाली दीड-दोन वाजेपर्यंत चालतो. पलीकडचा फळवाला हसतो. त्याचं गिऱ्हाईक रस्त्यावरचं, रोज नवं. माझं त्याच तीन बिल्डिंगांतलं.

त्या ताई अजून फिरकल्या नाहीत. त्यांच्या मजल्यावरच्या एक आजी मात्र दर रविवारी येतात, आकडा बघितल्याशिवाय पैसे काढत नाहीत.

पांढरी ताडपत्री पातळ आहे, दुपारी फळं तापतात. कुणी पांढरं शेडनेट दुहेरी करून लावलंय का? खाली उजेड कसा पडतो, फोटो टाका.