मुंबई नावाचा संघ

२७ फेब्रुवारी २०२४, मंगळवार

दहावा आणि अकरावा, दोघांचीही शतकं! कारखान्यात ओरडून सांगितलं तरी लूमच्या खडखडाटात कोणाला ऐकू जायचं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

बीकेसीवर रणजीची उपांत्यपूर्व फेरी, समोर बडोदा. दुसऱ्या डावात मुंबई ९ बाद ३३७. इथून पुढे पंधरा-वीस धावा झाल्या तरी पुष्कळ, असा हिशेब मांडून मी ताग्यांच्या वहीत डोकं घातलं. संध्याकाळी बघतो तर ५६९! तनुष कोटियन नाबाद १२०, तुषार देशपांडे १२३. शेवटच्या जोडीने २३२ काढल्या. अजय शर्मा-मनिंदर सिंग यांचा रणजीतला २३३ चा विक्रम एका धावेने वाचला. पहिल्या डावातल्या आघाडीवर मुंबई पुढे गेली.

दहावा-अकरावा दोघांनी एकाच डावात शतक ठोकण्याचं प्रथम श्रेणीत याआधीचं एकच उदाहरण आहे: १९४६ साली ओव्हलवर चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी. म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीचं.

तुषार कल्याणचा. दुर्गाडीचा पूल ओलांडला की त्याचं गाव. आम्हा भिवंडीकरांना रोज रिक्षात कोंबून घेणारं कल्याण! मला या पोराचं जास्तच कौतुक वाटलं, ते त्या पुलामुळे.

३ मार्च, रविवार

आमची सुटी शुक्रवारी, मॅचेस शनिवार-रविवारी. हे दुखणं जुनंच.

उपांत्य सामना, तामिळनाडूच्या १४६ ला उत्तर देताना मुंबई ७ बाद १०६. मग नवव्या नंबरवर शार्दूल ठाकूर आला आणि १०९ करून गेला. प्रथम श्रेणीतलं त्याचं हे पहिलं शतक. काउंटरवर मोबाइल उभा करून ठेवला होता. सुताचा व्यापारी दर विचारतोय आणि मी त्याला शार्दूलचा स्कोअर सांगतोय, असं दोनदा झालं.

शार्दूल पालघरचा. तुषार कल्याणचा. कर्णधार अजिंक्य रहाणे, त्याचं बालपण डोंबिवलीत गेलं. दादर-शिवाजी पार्कचा म्हणून ज्या संघाचा तोरा, त्याची अब्रू सध्या लांबच्या लोकलवाल्यांनी राखलीय. पाठीवर किट घेऊन सकाळच्या गर्दीत चढायचं, म्हणजे निम्मी मॅच मैदानाबाहेरच खेळून झालेली असते. असा पोरगा चेंडू बघून घाबरेल कशाला?

१० मार्च, रविवार

शेटना काल सांगून ठेवलं होतं, त्यामुळे रजा मिळाली. काशेळी-बाळकुमवरून ठाणे, तिथून दादर, दादरहून चर्चगेट. काशेळीला नेहमीप्रमाणे कंटेनरची रांग, त्यात मध्य रेल्वेचा रविवार. वानखेडेत शिरलो तेव्हा मुंबईची सलामीची जोडी मजेत खेळत होती. बिनबाद ८१.

बसायला जागाच जागा होती, आणि रणजीची खरी श्रीमंती तीच. आयपीएलला आपली खुर्ची सोडून हलता येत नाही. इथे मी आधी साइटस्क्रीनच्या रेषेत बसलो, मग ऊन आलं तसा सावलीकडे सरकलो. खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं. झेल उडाला की विकेटकीपरची हाक वरपर्यंत येते. शेजारी एक काका डबा उघडून बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, पायात कॅनव्हासचे बूट. भुपेन लालवानी गेला तेव्हा ते काही बोलले नाहीत. रहाणे ७ वर गेला, श्रेयस अय्यरही ७ वर गेला, मुंबई ६ बाद १११. तेव्हा काकांनी चपातीचा तुकडा भाजीत बुडवला आणि म्हणाले, "आता बघा, शेपूट वळवळणार."

वळवळली. पुन्हा शार्दूल, ६९ चेंडूंत ७५. २२४ वर डाव आटोपला. खेळ थांबेपर्यंत विदर्भ ३ बाद ३१.

विदर्भाबद्दल मनात वाकडं काहीच येत नाही, ही या फायनलची गंमत. एका राज्यात रणजीचे तीन संघ: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. १९७०-७१ ला मुंबई आणि महाराष्ट्र असे फायनलला भिडले होते. मुंबईचे मोठे खेळाडू वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर, उरलेल्यांना घेऊन सुधीर नाईक यांनी कप जिंकून दिला. काकांना ती मॅच आठवत होती. "त्या वेळचा खडूसपणा आता नाही," म्हणाले. मुंबईच्या स्टँडात हे वाक्य ऐकल्याशिवाय दिवस पुरा होत नाही. पण ६ बाद १११ वरून जे झालं, त्याला मग खडूसपणा नाही तर काय म्हणायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

आज पहिला रोजा. आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आझमगडचा, अनेक वर्षं भिवंडीत. दुपारी तो ऑफिसात आला, तेव्हा तुटलेल्या ताण्याच्या धाग्यांना गाठी मारून बोटं काळी झालेली. पाणी नाही, चहा नाही, पण डोळे मोबाइलवर. "मेहताजी, हमारे ज़िले का लड़का है!"

मुशीर खान १३६. सर्फराजचा धाकटा भाऊ, वय १९. घराणं मूळचं आझमगडचं, पोरगा मुंबईच्या मैदानांवर घडलेला. रणजी फायनलमध्ये शतक करणारा मुंबईचा सर्वांत लहान फलंदाज ठरला. आधीचा विक्रम सचिनचा होता, १९९४-९५ च्या फायनलमधला. आणि सचिन आज स्टेडियममध्ये होता म्हणे!

श्रेयस ९५, रहाणे ७३. विदर्भाला आता ५३८ हवेत. जॉबरने संध्याकाळी खजूर सगळ्यांना वाटले. रोज्याचे की शतकाचे, हे विचारलं नाही.

१४ मार्च, गुरुवार

जिंकलो. १६९ धावांनी. मुंबईचं बेचाळिसावं विजेतेपद, मधे आठ वर्षांचा खड्डा पडला होता.

पण सकाळचं सत्र जिवावर आलं होतं. अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे हलायलाच तयार नाहीत. उपाहारापर्यंत एकही विकेट नाही. त्यानंतरही ५ बाद ३५३! मग तनुषने वाडकरला १०२ वर पायचीत केलं आणि १५ धावांत सगळे गेले. शेवटची विकेट धवल कुलकर्णीची. त्याची ही शेवटचीच मॅच, रहाणेने मुद्दाम चेंडू त्याच्या हातात दिला आणि त्याने उमेश यादवचा त्रिफळा उडवला. इतकं जमून आलं की सिनेमात दाखवलं असतं तर मी नावं ठेवली असती.

१ एप्रिल, सोमवार

दुसरी मुंबई सुरू झाली आहे, आयपीएलची, निळी. तीनपैकी तीन हरली.

वानखेडेवर राजस्थानविरुद्ध टॉसला हार्दिक पंड्या आला आणि अख्ख्या स्टेडियमने हुर्यो उडवली. संजय मांजरेकरना माइकवरून "नीट वागा" असं सांगावं लागलं. नंतर सीमारेषेवर उभ्या रोहितने हात हलवून लोकांना गप्प बसवलं. पाच विजेतेपदं देणाऱ्याला काढून दुसऱ्याला कर्णधार केलं, याचा राग मलाही आहे. पण निर्णय ज्यांनी घेतला ते बसतात वरच्या बॉक्समध्ये, आणि शिव्या खातो तो खालचा. आमच्या कारखान्यात लाइट गेली की लोक मुकादमावर ओरडतात, त्यातलाच प्रकार.

आणखी एक. याच वानखेडेत पंधरा-वीस दिवसांपूर्वी पाच दिवस मुंबई खेळत होती. तेव्हा हे सगळे निष्ठावंत कुठे होते?

३ एप्रिल, बुधवार

भाच्याचा फोन. तो न्यूजर्सीत, एडिसनला. बेसबॉलमध्ये त्याचा संघ न्यूयॉर्क मेट्स, फुटबॉलमध्ये (त्यांचं ते हाताने खेळायचं फुटबॉल) न्यूयॉर्क जायंट्स. दोन्ही बाजूंनी पोळलेला माणूस. मेट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली १९८६ साली. यंदा सीझन सुरू होऊन आठवडाही नाही, चारपैकी चार हरले, आणि आता पाऊस मॅच होऊ देत नाही.

"मामा, तुमचे तीन, आमचे चार," म्हणाला. "पण आमच्याकडे १६२ मॅचेस असतात. चार म्हणजे काहीच नाही. तुमच्याकडे किती?"

चौदा. गप्प बसलो.

मग त्याने एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. जायंट्सचं नाव न्यूयॉर्क, पण त्यांचं स्टेडियम न्यूयॉर्कमध्ये नाहीच. ते न्यूजर्सीत, ईस्ट रदरफर्डला. नदीच्या अलीकडे. न्यूयॉर्कचा दुसरा फुटबॉल संघ जेट्स, तोही त्याच स्टेडियममध्ये खेळतो. न्यूजर्सीवाले पार्किंग देतात, ट्रॅफिक सोसतात, गळा फाडून ओरडतात, आणि छातीवर नाव मिरवतात न्यूयॉर्कचं. "तुला राग नाही येत?" मी विचारलं. "कशाचा? संघ आमचाच आहे, नाव त्यांचं आहे."

१४ एप्रिल, रविवार

जयंतीची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत होती. डीजेतून वाट काढत घरी पोचलो तर धोनी यायच्या बेतात. हार्दिकचं शेवटचं षटक, धोनीने चार चेंडू खेळले, तीन षटकार, २० धावा. मुंबई हरली तीही बरोबर २० नेच. रोहित नाबाद १०५. शतक करून मान खाली घालून परत जाणारा माणूस बघवत नाही.

१५ एप्रिल, सोमवार

आणि लगेच दुसरा फटका. आज फुटबॉल.

मुंबई सिटीला लीग शील्डसाठी फक्त बरोबरी पुरे होती. सॉल्ट लेकमध्ये मोहन बागान २-१. छांगतेने ८९ व्या मिनिटाला एक परत केला, तोपर्यंत उशीर झाला होता.

भिवंडीत फुटबॉलवेडी पोरं कमी नाहीत. पण जर्सी बघाल तर मेस्सी, रोनाल्डो, नेमार. मुंबई सिटीची आकाशी जर्सी घालून मी वंजारपट्टी नाक्यावर उभा राहिलो, तर एकाने विचारलं, "मँचेस्टर सिटी का?" त्याचंही चुकलं नाही म्हणा, मुख्य मालक एकच होता. गेल्या नोव्हेंबरात अल-हिलाल नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर आली तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं नेमारसाठी तिकिटं काढून बसली होती. नेमार त्याआधीच गुडघा मोडून घरी. आपण ०-२ हरलो. पोरं मात्र खूश होऊन आली. एवढ्या मोठ्या गर्दीत भारतीय क्लबसाठी ओरडायची ही त्यांची पहिलीच वेळ.

२४ एप्रिल, बुधवार

झोप येत नाहीये, म्हणून सगळं लिहितो.

शील्ड गेली, पण कप बाकी होता: उपांत्य फेरीचा पहिला सामना, फातोर्ड्याला, एफसी गोवाविरुद्ध. सोळाव्या मिनिटाला बोरिस, छप्पन्नाव्याला ब्रँडन. २-०. ऐंशी मिनिटं झाली, पंच्याऐंशी झाली. बायको म्हणाली, बंद करा आता, जेवण गार होतंय. उठलो, रिमोट शोधला. रिमोट सापडेना.

९० व्या मिनिटाला छांगतेचा गोल. बरं, म्हटलं, परतीच्या सामन्याला एक तरी हाताशी. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप. २-२! आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. ३-२. नव्वद मिनिटं मेलेला संघ सात मिनिटांत मॅच घेऊन गेला. फातोर्ड्याचा आवाज बंद झाल्याचं टीव्हीवरूनही कळत होतं. मी ओरडलो तसा खालच्या मजल्यावरचा मुलगा वर आला, काय झालं विचारायला. रिमोट माझ्याच हातात होता.

गोव्याबद्दल वाईट वाटलं, खरं सांगतो. तिथे फुटबॉल घराघरात आहे. आमच्याकडे तो अजून पाहुणा.

२९ एप्रिल, सोमवार

परतीचा सामना अंधेरीला, २-०. दियाझ, छांगते. फायनल.

४ मे, शनिवार

मुंबई सिटी ३, मोहन बागान १. त्याच सॉल्ट लेकवर, साठ हजारांवर लोकांसमोर, तीन आठवड्यांत हिशेब चुकता. कमिंग्जने हाफटाइमच्या तोंडावर गोल केला तेव्हा पुन्हा तेच होणार वाटलं. मग दियाझ, बिपिन सिंग, आणि अगदी शेवटी वोयतुश. २०२१ च्या फायनलमध्येही समोर मोहन बागानच होतं आणि शेवटच्या मिनिटाचा गोल याच बिपिनचा.

कप उचलला राहुल भेकेने. मुंबईचा मुलगा. २०१९ ला तो बंगळुरूकडे होता, आणि अंधेरीच्या मैदानावरच ११७ व्या मिनिटाला हेडर मारून त्याने त्यांना फायनल जिंकून दिली होती. तेव्हा आपलं पोरगं परक्याच्या जर्सीत बघताना घास अडकला होता.

पण भेके सोडला तर या संघात मुंबईचं आहे कोण? छांगते मिझोरामचा, बिपिन मणिपूरचा, विक्रम प्रताप पंजाबचा, दियाझ अर्जेंटिनाचा, प्रशिक्षक पेत्र क्रात्की झेक. काही जण नाक मुरडतात, हा कसला मुंबईचा संघ म्हणून. भिवंडीतल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये. पद्मानगरात तेलुगू बोललं जातं, निजामपुऱ्यात कोकणी मुसलमान पिढ्यानपिढ्या, मागावर आझमगड आणि मऊ, गोदामांत सगळा देश. हे सगळे मिळून जे कापड निघतं त्यावर भिवंडीचंच नाव असतं ना? मग छांगतेचे गोल मुंबईचेच.

१७ मे, शुक्रवार

निळी मुंबई आज लखनौकडूनही १८ धावांनी हरली. चौदापैकी चार जिंकून दहावी, म्हणजे तळाला. आज सुटी होती, तरी पूर्ण बघितली नाही. शेवटची काही षटकं तेवढी.

सोमवारी इथे मतदान. जॉबरच्या गावी २५ तारखेला, तो उद्याच्या गाडीने निघतोय. जाताना म्हणाला, मुशीर आयपीएलमध्ये का नाही? मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. आणि मुंबईकडेच घेतील असंही नाही. त्याला ते पटलं नाही.

भाच्याचा मेसेज: वर्ल्ड कपची भारत-पाकिस्तान मॅच ९ जूनला "न्यूयॉर्क"मध्ये आहे, म्हणजे प्रत्यक्षात शहराबाहेर, लाँग आयलंडवरच्या नासाऊला, नवीनच उभारलेल्या तात्पुरत्या स्टेडियममध्ये. तिकिटाचा आकडा त्याने कळवला, तो मी बायकोला सांगितलेला नाही. त्याला उलट विचारलंय की एडिसनहून तिथे जायला गाड्या किती बदलाव्या लागतात.