आढ्यावरचे गाव

सीमेवरचे गाव म्हटले की चौकी, पहारा आणि काटेरी कुंपण डोळ्यांपुढे येते. त्र्यंबकेश्वरला यातले काहीच नाही. तरीही नाशिकपासून सुमारे अठ्ठावीस किलोमीटरवरचे, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेले हे गाव अशा एका शिवेवर उभे आहे, की जी कोणत्याही राजाने आखलेली नाही. ही शीव पाण्याची. पावसाचे पाणी ज्या डोंगरकण्यावरून दोन दिशांना वाटले जाते त्याला भूगोलात जलविभाजक म्हणतात. कौलारू घराच्या भाषेत सांगायचे तर ते आढे, आणि त्याच्या दोन्ही अंगांचे उतार म्हणजे पाखी.

सुमारे १,३०० मीटर उंचीच्या ब्रह्मगिरीच्या पूर्वेच्या पाख्यावरून गोदावरी निघते आणि अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत असताना त्याला पाठ दाखवून सुमारे १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेच्या अंगाने उतरणारी वैतरणा मात्र जवळची वाट धरून अर्नाळ्याजवळ समुद्र गाठते आणि वाटेत धरणांमधून मुंबईच्या नळांना पाणी देते. युरोपात, १९४५ नंतर, ओडर आणि नायसे या नद्याच पोलंडची पश्चिम सीमा ठरल्या. तेथे नदी दोन देश वेगळे करते, तर येथे शीवच दोन नद्यांना वेगळे करते. माहात्म्याचे दान मात्र या दोघींच्या पदरात सारखे पडलेले नाही. गोदावरीच्या वाट्याला गंगाद्वार, कुशावर्त आणि सिंहस्थ आला, आणि तीच गोदावरी गावात शिरल्यावर बराच भाग काँक्रीटखालून वाहते, हेही येथे नोंदवायला हवे.

आढ्यावर बसणाऱ्याला दोन्ही पाखी दिसतात. म्हणूनच सत्तेची नजर ब्रह्मगिरीवरच्या त्र्यंबकगडावर सतत राहिली. काळ्या बसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या, थरांवर थर चढून झालेले इथले ताशीव कडे हाच गडाचा खरा तट होता, आणि उत्तरेकडून वर जाणारी वाट म्हणजे कातळात खोदलेली अरुंद जिन्याची चीरच. १६३६ च्या तहात शहाजीराजांना हा गड मोगलांच्या हवाली करावा लागला, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला, पुढे तो पुन्हा मोगलांकडे गेला, आणि १८१८ मध्ये पेशवाईबरोबर तोही इंग्रजांच्या हाती पडला. नानासाहेब पेशव्यांनी पायथ्याशी काळ्या पाषाणात बांधायला घेतलेले ज्योतिर्लिंगाचे मंदिर या उलथापालथींतून टिकले. वारकऱ्यांच्या लेखी मात्र गावाचा इतिहास ज्ञानदेवांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ यांच्या समाधीपासून सुरू होतो, आणि पौष वद्य एकादशीच्या यात्रेला येणाऱ्या दिंड्यांना गडाच्या सनावळीशी काही देणेघेणे नसते.

पश्चिमेला घाट उतरला की मोखाडा आणि त्यापलीकडे जव्हार. तेथील मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्यानंतर हा मुलूख ठाणे जिल्ह्यात राहिला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. नकाशावरची रेघ अशी नाव बदलत राहिली, पण घाटाच्या वर आणि खाली राहणारे कोकणा, वारली, ठाकर आणि महादेव कोळी हे नाचणी-वरईचेच धनी राहिले, आणि पावसाळा सरला की मजुरीसाठी घर सोडणेही दोन्हीकडच्यांच्या नशिबी आले. कोणी नाशिकच्या द्राक्षबागांत, तर कोणी भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, म्हणजे फेरी, असते. दोन नद्यांच्या उगमाच्या डोंगराला वळसा घालायचा म्हणजे जलविभाजक दोनदा ओलांडणे आलेच. पण अनवाणी, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेल्या भाविकांना आपण पूर्वसमुद्राचे पाणी सोडून पश्चिमेच्या पाण्यात पाय टाकला, हे कळतही नाही, कारण त्या दिवसांत धुके इतके दाट असते की पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. फेरीच्या वाटेवर इरले पांघरून बसलेली एखादी बाई पळसाच्या पानावर करटोल्यांचे वाटे मांडते आणि पाऊस वाढला की वाट्यांवर दुसरे पान उपडे घालते.