दादाचे पत्र

ही गेल्या भाद्रपदातील, पितृपंधरवड्याच्या अखेरच्या आठवड्याची हकिकत आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारे माणूस आहे, त्यांना तिच्यातील पुष्कळसे ओळखीचे वाटेल. माझी आई ९३ वर्षांची आहे आणि मी ६६ वर्षांची. एरंडवण्यात तळमजल्यावर आम्ही दोघीच राहतो. पुढे चार पावलांचे अंगण आहे. त्यात प्राजक्त, सोनटक्का, तगर आणि कुणी न लावता उगवलेली गुलबक्षी.

दिवेलागणीला आईचा गोंधळ वाढतो. या आजारात अनेकांना संध्याकाळ जड जाते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. गुलबक्षी उमलली की आई मला स्वतःची आई समजू लागते आणि विचारते, "आई, दादाचं पत्र आलं का?"

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो मराठा पलटणीत होता. १९४३ च्या पावसाळ्याअखेर तो पुण्याहून निघाला, तेव्हा आई अकरा वर्षांची होती. एप्रिल १९४५ मध्ये उत्तर इटलीत सेनिओ नदीच्या लढाईत तो पडला. त्याच लढाईत, ९ एप्रिल रोजी, आपल्या नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना नदीपार आणले आणि शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर एकट्याने चाल केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या घरी तार आली. अवघ्या महिन्याभरात युरोपातले युद्ध संपले.

घरातली दुसरी गोष्टही सांगायला हवी. दादा साहेबाच्या फौजेत असताना त्याचा सख्खा काका 'चले जाव'च्या चळवळीत पकडला जाऊन येरवड्याच्या तुरुंगात होता. १९४३ च्या जानेवारीत लष्कर भागातील कॅपिटॉल सिनेमागृहात बॉम्बस्फोट झाला, तेव्हा आजीने दोन्ही बाजूंची काळजी एकाच देव्हाऱ्यापुढे बसून केली असेल. पुण्यात अशी घरे तेव्हा थोडी नव्हती. आम्हां मुलांना मात्र काकांच्या तुरुंगवासाच्या कथा पुनःपुन्हा ऐकायला मिळाल्या. दादामामाविषयी कुणी फारसे बोलत नसे. स्वातंत्र्यानंतर ते मरण नेमके कशासाठी आले हे सांगणे घराला अवघड वाटले असावे.

त्या आठवड्याच्या सोमवारी माझा संयम सुटला. तिसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा मी म्हटले, "आई, दादामामा जाऊन ८० वर्षं झाली." तिने माझ्याकडे पाहिले आणि ती रडू लागली. जुनी आठवण निघाल्यावर माणूस रडते तसे ते रडणे नव्हते. तार त्याच क्षणी आली होती. अर्ध्या तासाने ती रडण्याचे कारण विसरली. दुःख मात्र रात्री जेवणाच्या ताटापर्यंत तिच्या चेहऱ्यावर राहिले. मी खरे बोलले होते आणि एका म्हातारीला भावाचे मरण नव्याने दिले होते.

धाकट्या बहिणीचे मत निराळे आहे. "आईशी खोटं बोलायचं नाही," असे ती फोनवर म्हणते. तिचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण ती संध्याकाळी सात वाजता येथे नसते.

रात्री झोप येईना म्हणून विश्राम बेडेकरांची 'रणांगण' काढली. १९३९ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू निर्वासित, आणि घरी परतणारा मराठी तरुण. तो मुंबईला उतरतो. हॅर्टाला उतरण्यासाठी आपला म्हणावा असा किनाराच नाही. तरुणपणी मी ती प्रेमकथा म्हणून वाचली होती. या वेळी मनात आले, आईची बोट १९४४ सालात अडकली आहे आणि मी किनाऱ्यावरून तिला तारखा ओरडून सांगते आहे.

मंगळवारपासून मी उत्तर बदलले. आजीने त्या दिवसांत काय म्हटले असेल याचा विचार केला आणि म्हटले, "आलं की वाचू." आई शांत झाली. माझे मन मात्र शांत झाले नाही. न येणाऱ्या पत्राचे आश्वासन देताना जीभ अडखळतेच.

बुधवारी वेगळाच प्रसंग घडला, आणि तो काळजीवाहकांसाठी मुद्दाम लिहिते. फाटकाशी गुलाबी कण्हेर होती. आई तिचे फूल तोंडाकडे नेत होती. मी वेळेवर पोहोचले. कण्हेरीचे पान, फूल, साल, सगळेच विषारी असते आणि ते विष हृदयावर परिणाम करते. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तीही तशीच. धोत्राही अंगणात ठेवू नये. फूल पोटात गेल्याची शंका आली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. त्याच दुपारी माळ्याला बोलावून ते झाड मुळासकट काढून टाकले. इतकी वर्षे ते तिथे होते, आणि मला कधी सुचले नव्हते!

गुरुवारी सकाळी प्राजक्ताची फुले ताटात वेचून आईपुढे ठेवली आणि दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' मोठ्याने वाचू लागले. एका वेळी एक परिच्छेद, सावकाश; उद्या पुन्हा तोच वाचला तरी तिला चालतो, आणि मलाही आता चालू लागला आहे. सुगंधाने जुन्या आठवणी जाग्या होतात असे म्हणतात, परंतु या आजारात गंधाची जाणीवही मंदावते. आईने फुलांचा वास घेतलाच नाही. तिने देठ चोळायला सुरुवात केली. बोटे केशरी झाली, मग तिने कडोसरीचा रुमाल काढला आणि त्यावर देठ घासू लागली. मी वाचन थांबवले.

"दादाच्या रुमालाला रंग दिला होता मी," ती म्हणाली. "नीट चढला नाही. तो म्हणाला, असू दे, असाच नेतो."

हे मी जन्मात प्रथमच ऐकत होते. नवे काही टिकत नाही अशा मनात ते एवढी वर्षे पडून होते, आणि कुणी विचारले नव्हते.

त्या संध्याकाळी प्रश्न आल्यावर मी ना तारीख सांगितली, ना आश्वासन दिले. विचारले, "मागच्या पत्रात काय लिहिलं होतं गं त्यानं?" ती बराच वेळ विहिरीविषयी, वाड्यातल्या प्राजक्ताविषयी, शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या साखरेविषयी बोलत राहिली. पत्राची तिला घाई उरली नव्हती. ही युक्ती रोज साधते असे नाही. शुक्रवारी तिने माझा हात झिडकारला आणि उपाशीच झोपली.

दादामामाची चार पत्रे बिस्किटांच्या डब्यात आहेत. सेन्सॉरच्या नजरेखालून आलेली. गावाचे नाव नाही, लढाईचा उल्लेख नाही. विहिरीला पाणी किती, प्राजक्त जगला का, एवढीच विचारपूस. तो नारायण पेठेतला वाडा पुढे १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेला, झाडासकट. पत्रांची पेटी वरच्या मजल्यावर नेली होती म्हणून वाचली.

रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. दादामामाच्या तसबिरीपुढे मी प्राजक्ताचे ताट ठेवले. आईने वाकून पाहिले. "हा कोण गं मुलगा? किती लहान आहे," असे म्हणून तिने ताटातली मूठभर फुले उचलली आणि देठ चोळत बसली. मी काही बोलले नाही.

संध्याकाळी मी तोच प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली, "लिहिलंय की, इथं द्राक्षाचे मळे आहेत आणि थंडीत बोटं वळत नाहीत. रुमाल गळ्याशी बांधतो म्हणाला."

रात्री डबा उघडून मी चारही पत्रे पुन्हा वाचली. त्यांत हे कुठेच नाही.