बांधलेले पाय

माणसाचे दोन्ही पाय एकाच फळीला आवळायचे आणि त्याला बर्फाच्या उतारावरून सोडून द्यायचं, याला पूर्वी शिक्षा म्हटलं असतं. अमेरिकेत स्नोबोर्डिंग म्हणतात. 1965 साली मिशिगनच्या शर्मन पॉपेन या गृहस्थानं मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडल्या, तिथून हे खूळ निघालं.

आमचा डेन्व्हरचा नातू यंदा ते शिकायला निघाला. पाय बांधायचे पट्टे, म्हणजे बाइंडिंग, बसवायचा सोहळा दिवाणखान्यातच झाला. आधी बूट, मग त्या मापाचं बाइंडिंग. नवख्यानं मऊच घ्यावं. कडक बाइंडिंग मोठं चहाडखोर, पाय जरा चुकला की लगेच फळीला सांगतं.

मग पुढचा पाय ठरवायचा. जावयांनी पोराला नकळत मागून ढकललं. सावरताना डावा पाय पुढे आला तर 'रेग्युलर', उजवा आला तर 'गूफी'. आमचा गूफी निघाला.

"आजोबांवर गेलाय," हिनं जाहीर केलं.

दोन पायांत खांद्याएवढं अंतर. पुढचं पाऊल 15 अंश बाहेर, मागचं 6 अंश उलट, थेट बदक! बुटाचं टोक आणि टाच फळीबाहेर सारखीच डोकावली पाहिजे.

"पडला की सुटतात ना पट्टे?" मी विचारलं.

"स्कीचे सुटतात, बाबा. याचे नाही. दोन्ही पाय एकत्रच राहतात, ते बरंच."

बरंच काय! रात्री सगळे झोपल्यावर मी पेचकस घेऊन खाली गेलो. एका बाइंडिंगला चार, असे आठही स्क्रू घट्ट आवळलेले. आणि फळीवर हिचा चष्मा.