लोकलहोस्ट म्हणजे मी

प्रत्येक संगणकाला स्वतःशी बोलायला एक पत्ता राखून ठेवलेला असतो : १२७.०.०.१. नाव लोकलहोस्ट. भाषा शिकवणारीला तो सर्वनामासारखा वाटतो. उर्दूतला 'मैं' सगळ्यांचा असतो, पण ज्याच्या तोंडी येईल त्या वेळी तो फक्त त्याचाच. हा पत्ताही तसाच.

इथे पाठवलेला मजकूर तारेवर जातच नाही. पत्ता घरचाच आहे हे पाहून ऑपरेटिंग सिस्टीम त्याला आतल्या आत वळवते. नेटवर्क कार्डापर्यंतही तो पोचत नाही. केबल काढा, वायफाय बंद करा, संगणकाचं स्वतःशी बोलणं सुरूच राहतं. १२७ने सुरू होणारा कोणताही पत्ता यंत्राबाहेर दिसता कामा नये, असं इंटरनेटच्या १९८९च्या नियमांतच लिहिलेलं आहे. (या एका 'मी'साठी १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते अडवून ठेवलेत! नव्या आयपीव्ही६ मध्ये मात्र एकावरच भागवलं.)

हे सगळं वाचायची वेळ का आली, ते सांगते. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये नऊ संगणक, इंटरनेट फक्त ऑफिसात. आठवीच्या मुलींसाठी मी उर्दू आणि मराठी दोन्हींत नांदणाऱ्या शब्दांची पानं केली होती. अर्ज, तारीख, हजर, असे. पानं एका संगणकावर राहणार, बाकी आठांवरून मुली ती उघडणार. लॅब बसवणाऱ्यांचा माणूस आला, त्याच संगणकावर पान उघडून दाखवलं, "मॅडम, चालू आहे" म्हणाला, सही घेतली आणि गेला. उरलेल्या आठांवर काहीच उघडेना. फोन केला तर उत्तर मिळालं, लॅबला इंटरनेटची लाइन घ्या. जिथे खडूच्या डब्याचाही हिशेब द्यावा लागतो, तिथे दरमहा नवं बिल कोण मंजूर करणार? पानं बासनात जायची वेळ आली.

खरं तर इंटरनेटचा इथे संबंधच नव्हता. पानं पुरवणारा सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर कान देऊन बसला होता. शेजारच्या संगणकाची हाक त्याला ऐकूच जाणार नव्हती. "चालू आहे" याचा अर्थ एवढाच होता, की यंत्राला स्वतःचा आवाज ऐकू येतोय. सेटिंगमध्ये त्या जागी ०.०.०.० लिहिलं, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐक, आणि फायरवॉलमध्ये त्या पोर्टला परवानगी दिली. खर्च शून्य.

तरी एकीचं पान येईना. तिने लोकलहोस्ट टाइप केलं होतं, म्हणजे स्वतःच्याच मशीनला विचारत होती, आणि तिथे पानं नव्हतीच. सर्व्हरचा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता फळ्यावर लिहिला, तेव्हा उघडलं.

मुलींच्या गुणांची नोंद ज्या डेटाबेसमध्ये आहे, तो मात्र मी मुद्दाम १२७.०.०.१ वरच ठेवला आहे. तिथे बाहेरच्या कोणाची हाक पोचू नये, हेच बरं.